ओळखीपाळखीचा इतिहास

आमच्या गागोद्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. एक तर "हे कुठे आलं?" किंवा मग "अच्छा, विनोबांचं गाव!" पहिल्याला सांगावं लागतं की पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक, रायगड जिल्हा, डोंगर आणि भातशेती. दुसऱ्याला काहीच सांगावं लागत नाही, उलट तोच आपल्याला सांगत सुटतो. ११ सप्टेंबर १८९५ ला विनायक नरहर भावे इथे जन्मले, आजोबा शंभुराव, वडील बडोद्याला नोकरीला, आई रुक्मिणीबाई आणि मुलं गागोद्याला. पुढचं भूदानबिदान सगळ्यांना पाठ असतं.

मला मात्र त्या घरातली एक वेगळीच गोष्ट आवडते. विनोबांनीच ती सांगून ठेवली आहे. घरी फणस कापला की आई आधी गरे शेजारीपाजारी वाटायला पाठवायची, मुलांना मागाहून. पोरं पानात गरे घालून घरोघर जायची. फणस घरचा, पण पहिला गरा दुसऱ्याचा. कोकणातल्या कुठल्याही घरात ही रीत होती, त्यात विशेष काही नाही. पण जरा विचार केला तर लक्षात येतं की पोरांना त्या फेरीत दातृत्वाखेरीज आणखीही काहीतरी मिळत होतं. गावातलं प्रत्येक दार त्यांना माहीत होत होतं आणि प्रत्येक दाराला ती माहीत होत होती.

तर मंडळी, आज विनोबांवर लिहायचं नाहीये. लिहायचंय ते दारं माहीत असण्याबद्दल. आणि त्यातही इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या बायकांबद्दल. विषय जरा आडवळणाचा वाटेल, पण त्याला कारण आहे.

कारण म्हणजे माझी भाची, गागोद्याच्या भावाची थोरली. (तिला विचारूनच लिहिते आहे. कॉलेजचं नाव मात्र लिहू नकोस म्हणाली.) इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएच.डी., अठरा वर्षं शिकवते आहे, त्यातली चार वर्षं प्रोफेसर म्हणून. एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची जाहिरात आली आहे. नियमाप्रमाणे पीएच.डी. हवी, १५ वर्षांचा अनुभव हवा, त्यातली किमान ३ वर्षं प्रोफेसर म्हणून हवीत, शोधनिबंध हवेत, विद्यार्थ्यांना पीएच.डी.चं मार्गदर्शन केलेलं हवं. सगळ्यात बसते. तरी फोनवर म्हणाली, "आत्या, अर्ज करायला काही नाही गं. पण तिथे माझं नाव कुणाला माहीत आहे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी स्वतः तीस वर्षं याच धंद्यात काढली आहेत. मग जुन्या बायकांचं वाचायला घेतलं. ज्या पहिल्या-पहिल्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांचं नाव कुणाला कसं माहीत झालं, ते शोधायला.

*

भारतातली पहिली स्त्री इंजिनीअर म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ए. ललिता. १९१९ चा जन्म, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी. तिने १९४० साली मद्रासच्या गिंडी इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला आणि १९४३ ला शिक्षण पुरं केलं. त्या काळात हे झालं कसं? तर तिचे वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला.

आपल्याकडच्या शकुंतला भगत, माहेरच्या जोशी. १९५३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. मधून सिव्हिल इंजिनीअर झाल्या, पुढे अमेरिकेत शिकल्या, आय.आय.टी. मुंबईत शिकवलं, तिथली अवजड बांधकामांची प्रयोगशाळा सांभाळली. नंतर पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर 'क्वाड्रिकॉन' नावाची कंपनी काढून पुलांचे सुटे भाग जुळवून पूल उभे करण्याची पद्धत आणली. त्यांचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलात, स्पितीला उभा राहिला. आणि वडील? एस. बी. जोशी, पूल बांधणारे नावाजलेले इंजिनीअर.

कमला सोहोनी इंजिनीअर नव्हत्या, बायोकेमिस्ट होत्या, पण त्यांच्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली बंगलोरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा ही मुलगी हटून बसली. शेवटी अटी घालून घेतलं. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट, आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद. ही हकीकत आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती आहेच तशी. पण कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले होते. नकार मिळाल्यावर कुठे जाऊन कुणासमोर उभं राहायचं, हे घरात माहीत होतं.

आणि चौथ्या राजेश्वरी चॅटर्जी. त्याच बंगलोरच्या संस्थेत मायक्रोवेव्ह आणि अँटेनावर काम केलं, मिशिगनहून पीएच.डी. करून परत आल्या, शिकवलं आणि पुढे इलेक्ट्रिकल कम्युनिकेशन विभागाच्या प्रमुख झाल्या. इंजिनीअरिंग शिकवणारी बाई विभागप्रमुखाच्या खुर्चीत, हे त्या काळात अप्रूपच. त्यांची आजी कमलम्मा दासप्पा म्हैसूर संस्थानातल्या पहिल्या काही पदवीधर बायकांपैकी एक.

चौघींची नावं शेजारी-शेजारी लिहिल्यावर मला एकदम उलगडलं. चौघी बुद्धिमान, चौघी कष्टाळू, यात शंकाच नाही. पण चौघींच्याही घरात कुणीतरी आधीच त्या वाटेने गेलेलं होतं. कुठलं दार कुठे आहे आणि ते कसं वाजवायचं हे त्यांना जेवताना, गप्पा मारताना कळत होतं. आज ज्याला आपण 'नेटवर्क' म्हणतो ते त्यांना वारशाने मिळालं होतं.

माझ्या भाचीचे वडील, म्हणजे माझा भाऊ, भातशेती करतात. त्यांना पेणच्या बाजारातला प्रत्येक व्यापारी ओळखतो. पण विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर कोण आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

*

मग प्रश्न असा की ज्यांच्या घरात हा वारसा नव्हता त्यांनी काय केलं? इथून इतिहास जास्त रंजक होतो, कारण इथे बायकांनी एकमेकींना धरून वारसा तयार केलेला दिसतो.

१९१९ साली लंडनमध्ये सात जणींनी 'विमेन्स इंजिनीअरिंग सोसायटी' काढली. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा कारखाने बायकांनी चालवले होते. युद्ध संपलं आणि त्यांना सांगण्यात आलं, आता घरी जा. त्यातल्या काहींना घरी जायचं नव्हतं. हीच संस्था पुढे आपल्या ललिताबाईंपर्यंत पोचली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री इंजिनीअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिला ललिताबाई गेल्या. पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या सोसायटीच्या सभासद झाल्या. म्हणजे १९४३ ला शिक्षण पुरं झालं आणि जगातल्या इतर स्त्री इंजिनीअर्सच्या घोळक्यात ती उभी राहिली ती एकवीस वर्षांनी! मधली एकवीस वर्षं ती बहुतेक खोल्यांत एकटीच बाई असणार. ज्यांनी असं काम केलं आहे त्यांना या एकटेपणाचं वजन सांगायला नको.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर वाशीचं. पेणहून मुंबईला जाताना वाटेवरच लागतं. १९७३ साली मुंबईतल्या बारा शास्त्रज्ञ स्त्रियांनी 'इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन' सुरू केली. आता अशा संस्थेने काय करावं असं वाटतं? व्याख्यानं, परिसंवाद, हारतुरे? तेही केलं असेल. पण वाशीच्या केंद्रात त्यांनी पाळणाघर चालवलं. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह काढलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. ओळखी वाढवायच्या तर संध्याकाळी कुठेतरी थांबावं लागतं, आणि संध्याकाळी थांबायचं तर पोर कुणाजवळ तरी असावं लागतं. व्हिजिटिंग कार्डाच्या आधी पाळणाघर लागतं हे त्या बाराजणींना बरोबर कळलं होतं.

आणखी मागे जायचं तर हिंगण्याला जावं लागेल. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी संस्था काढली, पुढे ती हिंगण्याला गेली. कर्व्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संस्थेसाठी दारोदार फिरून वर्गणी कुणी गोळा केली? त्यात मोठा वाटा पार्वतीबाई आठवल्यांचा. बाया कर्व्यांची ही बहीण, देवरुखकडची, लहान वयात विधवा झालेली, शिकली तीच मुळात मोठेपणी. गावोगाव फिरून तिने पैसे आणि माणसं जोडली. १९१८ मध्ये तर ती इंग्रजीचा पत्ता नसताना अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं आणि संस्थेसाठी निधी घेऊन परत आली. याला नेटवर्किंग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि याच संस्थेने १९९१ मध्ये, कमिन्सच्या मदतीने, पुण्याच्या कर्वेनगरात मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज सुरू केलं. डॉ. माधुरी खांबेटे यांनी त्याचं प्राचार्यपद अनेक वर्षं सांभाळलं. जिथे विधवेला लिहायला-वाचायला शिकवणं हेच धाडस होतं, तिथे शंभर वर्षांच्या आत मुली लेथ मशीनवर उभ्या राहिल्या आणि पुढे बाई प्राचार्यही झाली. मुलींच्या कॉलेजची एक गंमत असते. तिथे वर्कशॉपमध्ये "तू वही लिही, मशीन मी चालवतो" म्हणणारा कुणी नसतो. संघाची पुढारी मुलगीच, स्पर्धेला जाणारी मुलगीच, खर्चाचा हिशेब देणारीही मुलगीच. पुढारीपणाची सवय अशीच लागते, लहानलहान कामांतून.

*

आता जरा माझं स्वतःचं. मी ज्या कॉलेजात होते त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच असतं.

इंजिनीअरिंग शिक्षणात वर जायच्या पायऱ्या कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक अशा असतात. कागदावर शोधनिबंध आणि अनुभव. प्रत्यक्षात पेपर कोण काढणार, अभ्यास मंडळावर कोण जाणार, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरून कुणाला बोलवायचं, तपासणी समितीत कोण, परिषदेत अध्यक्षस्थानी कोण. यातलं एकेक काम क्षुल्लक वाटतं. पण दहा-पंधरा वर्षांनी मुलाखतीच्या टेबलाशी बसलेली माणसं हीच असतात, आणि तुम्ही आत गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं किंवा येत नाही. एवढाच फरक!

आमच्याकडे ही नावं ठरायची संध्याकाळी साडेपाचनंतर, कॉलेजबाहेरच्या टपरीवर. तिथे कुणी कट वगैरे करत नव्हतं. चहा पिता पिता "अरे, अमुक विषयाला कोण आहे रे?" असं कुणीतरी विचारायचं आणि समोर जो उभा असेल त्याचं नाव निघायचं. आम्ही बायका त्या वेळी स्टेशनच्या वाटेवर असायचो. एकदा एका समितीची यादी लागली. माझ्याच विषयाची, आणि मी त्या विषयात विभागात सगळ्यात जुनी. नाव नव्हतं. विचारलं तर अगदी निरागसपणे उत्तर आलं, "मॅडम, तुम्हाला घरचं असतं ना, म्हणून त्रास नको म्हटलं." वाईट याचं वाटलं की बोलणारा मनापासून माझी काळजी करत होता. कुणी दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं. असो.

काहीजण म्हणतील, ओळखीने पुढे जाणं म्हणजे वशिलाच की! आमच्या घरात तर वशिला हा शब्द शिवीसारखा होता. पण मला दोन्हींत फरक दिसतो. लायक नसलेल्याला आत ढकलतो तो वशिला. ओळख असते तेव्हा लायक माणूस निदान दिसतो तरी. सुधा मूर्तींच्या पोस्टकार्डाची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. बायकांनी अर्ज करू नये अशी जाहिरात पाहून त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पत्र टाकलं आणि पुढे टेल्कोत रुजू झाल्या. छानच गोष्ट. पण ज्या व्यवस्थेत एका मुलीला थेट जे.आर.डीं.ना लिहावं लागतं, तिथे मधल्या सगळ्या पायऱ्यांवर तिला ओळखणारं कुणीच नव्हतं असाही त्याचा अर्थ होतो.

*

आकड्यांत पाहिलं तर परिस्थिती सुधारते आहे. आय.आय.टीं.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या गेल्या. त्या वर्षी १४ टक्के मुली घेण्याचं उद्दिष्ट होतं, २०२० ला २० टक्के. पण तिथे आधी विद्यार्थिनी वाढवल्या, खुर्चीपर्यंत जायला अजून वेळ लागतो आहे. कुठल्याही आय.आय.टी.च्या आवाराची प्रमुख म्हणून पहिल्यांदा बाई आली ती २०२३ मध्ये, प्रीती अघालयम, आणि तेही मद्रास आय.आय.टी.च्या झांझिबारच्या शाखेत. म्हणजे समुद्र ओलांडल्यावर!

आकड्यांवरून विनोबांच्या आईचीच आणखी एक गोष्ट आठवते. तिने देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला होता आणि रोज एकेक दाणा मोजून वाहायची. वडील शास्त्रीय वृत्तीचे, रंगांचे प्रयोग करणारे. ते म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, काम झटपट होईल. आईने मुलाला विचारलं. विनोबा म्हणाले, हा नुसता हिशेब नाही, दाण्यादाण्यागणिक देवाचं स्मरण आहे. इंजिनीअर म्हणून मी वडिलांच्या बाजूची, नमुना घ्यावा आणि गुणाकार करावा. पण बायकांच्या बाबतीत मी आईच्या बाजूला गेले आहे. टक्केवारीने एकही बाई प्राचार्य होत नाही. कुणीतरी एकेक नाव मोजावं लागतं.

हे मोजण्याचं काम पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी केलं. हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी कणभौतिकीची मोठी शास्त्रज्ञ झाली आणि स्वतःचं काम सांभाळून तिने इतर स्त्री शास्त्रज्ञांची बाजू लावून धरली. २००८ मध्ये राम रामस्वामींबरोबर त्यांनी 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं, त्यात शंभरेक भारतीय स्त्री शास्त्रज्ञांची ओळख आहे. 'ओळख' हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गोडबोले गेल्या.

*

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, मला खुर्चीची हौस नाही. काम नीट व्हावं एवढंच." मग मी तिला पवनारचं सांगितलं. १९५९ मध्ये विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापलं, बायकांसाठी. तिथे प्रमुख कुणीच नाही, निर्णय सगळ्यांच्या सहमतीने. शेती, स्वयंपाक, छपाई, सगळं बहिणींनीच करायचं. मला ती कल्पना फार मोठी वाटते. पण पवनारला खुर्चीच नाही, म्हणून ती कुणाला नको असली तरी चालतं. कॉलेजात खुर्ची आहे. लॅबच्या खरेदीवर सही तिथून होते, मीटिंग किती वाजता घ्यायची हे तिथून ठरतं, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी यायचं की नाही हेही तिथूनच. तू नाही बसलीस तरी कुणीतरी बसणारच आहे. आणि संध्याकाळी सहाची मीटिंग चारला आणायचं त्याला सुचेलच असं नाही.

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बघते."

"बघते" म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. :)

अर्जाची मुदत अजून अकरा दिवस आहे. तेवढ्यात मला एक करायचं आहे आणि त्यात तुमची मदत हवी. आपल्यातल्या पाच-सहा जणी इंजिनीअरिंग कॉलेजात आहेत. नागपूरची सून आहे, सांगलीची नणंद आहे, शिवाय इथे नेमाने लिहिणाऱ्या दोघी-तिघी आहेत. ज्या कुणी विभागप्रमुख किंवा प्राचार्य झाल्या असतील, मुलाखतीला काय विचारतात, संस्थाचालकांशी पहिली भेट कशी घ्यायची, पगार बोलायचा की नाही, हे ज्यांना माहीत असेल, त्यांनी मला कळवा. मी भाचीचा नंबर देते. शिफारस कुणी करायची नाही, तिला ते खपणार नाही. अर्धा तास फोनवर बोलायचं, एवढंच.

आणि जिला तिच्याकडून काही हवं असेल, पीएच.डी.च्या प्रबंधाला परीक्षक, अभ्यास मंडळासाठी नाव, अँटेनावरचं व्याख्यान, तिने तेही हक्काने मागा. ती येईल. यायला जरा उशीर झाला तर दिवा-रोहा गाडीला दोष द्या, तिला देऊ नका.